मीटर-रूममधला बंड्या
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात बी विंगमधील एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत. विषय मीच मागून घेतला. आमच्या बंड्याच्या आजारपणाबद्दल लिफ्टमध्ये इतक्यांनी विचारलं, की म्हटलं एकदाच सगळ्यांना सांगून टाकावं. बंड्या म्हणजे आपल्या मीटर-रूममध्ये जन्मलेला पिवळा बोका. ज्याच्यावरून दोन वार्षिक सभा गाजल्या, तोच.

गेल्या पावसाळ्यात एका शुक्रवारी तो सारखा त्याच्या ट्रेमध्ये जाऊन बसायला लागला. बसायचा, कुंथायचा, काही न करता बाहेर यायचा. मला वाटलं बद्धकोष्ठ झालाय, म्हणून तूप चाटवलं. रात्री तो कपाटाखाली शिरला आणि हात लावला की ओरडू लागला. एका शेजारणीने मायेपोटी तापाची पाव गोळी द्यायला सांगितली. नशीब, घरात नव्हती. पॅरासिटामॉल मांजराला विषासारखी असते, एका गोळीनेही जीव जाऊ शकतो, हे मला नंतर कळलं.

आता खरं सांगते. महिन्याची सत्तावीस तारीख होती आणि मुलाच्या क्लासची फी नुकतीच भरली होती. "सकाळी बघू," मी म्हटलं. ह्यांनी मान डोलावली. आम्ही दोघंही पैशांचाच विचार करत होतो, पण कोणी बोललं नाही. पहाटे चारला बंड्याने उलटी केली आणि मान टाकली. तेव्हा कुठे त्याला टॉवेलात गुंडाळून रिक्षा शोधायला धावलो. वॉचमनने हमरस्त्यावरून आणून दिली.

डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं. "मूत्राशय दगडासारखं झालंय. कधीपासून?" "कालपासून," म्हणताना माझा आवाज फुटेना. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते. तिच्यात खड्यांचा चुरा नि चिकट स्राव अडकला की लघवी तुंबते, रक्तात पोटॅशियम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. सगळा खेळ एक-दोन दिवसांचा. मादीला हे क्वचित होतं, बोक्यांना होतं. म्हणजे बद्धकोष्ठ वाटलं तरी आधी लघवी झाली का ते बघायचं, आणि नसेल तर त्याच तासाला निघायचं.

गुंगी देऊन नळी घालणं, सलाईन, रक्ततपासणी, तीन दिवस दाखल. "किती होतील?" हे विचारताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या म्हणाल्या, "ताई, हे तर आधीच विचारायचं असतं." आणि कागदावर लिहून दिलं : आत्ता काय करावंच लागेल, काय दोन दिवस थांबू शकतं. सोनोग्राफी थांबली. अर्धे पैसे तेव्हा, उरलेले सोमवारी. एकूण बिल 23,400 झालं.

त्यातले दहा हजार आपल्या खजिनदारकाकांनी दिले. हो, मांजरांविरुद्ध ठराव मांडणारे तेच. चार हप्त्यांत फेडले, आणि काकांनी प्रत्येक हप्त्याची पावती दिली. तपशिलात "बोका" असं लिहिलंय. पावत्या मी जपून ठेवल्यात.

दिवाळीनंतर पुन्हा तेच झालं. हा आजार उलटतो. पण या वेळी दुपार होती आणि आम्हाला लक्षण माहीत होतं. थेट परळच्या बैलघोडा हॉस्पिटलात नेलं. सर दिनशा पेटिटांच्या देणगीतून उभं राहिलेलं, त्यांच्या पत्नी साकरबाईंच्या नावाचं ते जुनं हॉस्पिटल. केसपेपरच्या रांगेत आमच्या पुढे एक बकरी होती. खर्चही आमच्या आवाक्यातला निघाला, आणि दुसऱ्या दिवशी बंड्या घरी.

आता तो कोरडं खाणं कमी, ओलं जास्त खातो, आणि घरात तीन ठिकाणी पाण्याच्या वाट्या आहेत. रोज किती वेळा लघवी झाली ते मुलगा कॅलेंडरवर लिहितो. दर महिन्याला तीनशे रुपये एका डब्यात टाकतो, त्यावर बंड्याचं नाव आहे.

रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर लिफ्टशेजारच्या फलकावर लावलाय. फोन करून खात्री केली आहे. आणि बंड्या आत्ता केटररच्या पनीरपाशी घुटमळत असेल. कृपया कोणी काही घालू नका.