नागरिकाची नोंद आणि नागरिकाचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात उत्तन येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)





'शासन आणि नागरिकांची खाजगी माहिती' हा विषय मला देण्यात आला आहे. विषय ऐकून काहींना वाटेल, हा पुढाऱ्यांचा, फार तर पत्रकारांचा प्रश्न. आमच्यासारख्या नोकरदार आणि मजूर माणसाकडे लपवण्यासारखे आहे तरी काय? कर नाही त्याला डर कशाला, ही म्हण आपण सहज वापरतो. परंतु ज्यांनी काहीही केले नव्हते अशा हजारो माणसांना याच महाराष्ट्रात एका सरकारी नोंदवहीमुळे पिढ्यान्‌पिढ्या डरून जगावे लागले. म्हणून प्रथम त्या नोंदवहीची हकीकत सांगतो.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. पुढे १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. पारधी, कैकाडी, भामटा, मांग-गारुडी अशा जमातींची नावे यादीत चढली. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतले जात. त्याला हजेरी द्यावी लागे आणि गाव सोडायचे तर पास काढावा लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती. तो भाग आजही 'सेटलमेंट' याच नावाने ओळखला जातो. माणसाने काय केले हे कोणी विचारीत नव्हते. तो कोणाच्या पोटी जन्मला, एवढे नोंदवहीला पुरत होते.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. तो दिवस आपले भटके-विमुक्त बांधव विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा गेला तरी नोंद लवकर जात नाही. १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि संशयाची नजर त्याच वस्त्यांवर राहिली. सुकन्या शांता या पत्रकार महिलेने तुरुंगातील जातिभेदाविरुद्ध याचिका केली, तेव्हा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाका. स्वातंत्र्यानंतर ७७ वर्षांनी! एका रकान्यात केवढी ताकद असते, हे विद्यार्थ्यांनी यावरून ओळखावे.

मग आपण सरकारला माहिती देणेच बंद करावे काय? मुळीच नाही. मोजणी झाली नाही, तर आपला वाटाही मिळणार नाही. १९५६ साली बाबासाहेबांसोबत लाखोंनी धम्म स्वीकारला, पण अनुसूचित जातीचे हक्क केंद्राच्या पातळीवर बौद्धांना मिळण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. जातीचा दाखला, जात पडताळणी, शिष्यवृत्ती, रेशन या सगळ्यांचा पाया नोंद हाच आहे. २०२७ च्या जनगणनेत जातीचीही नोंद घेण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०२५ मध्ये केला आहे. त्या वेळी प्रत्येक घराने न लाजता आणि न चुकता खरी माहिती द्यावी, असेच मी सांगेन.

हे मी निश्चिंतपणे सांगू शकतो, कारण १९४८ च्या जनगणना कायद्याचे कलम १५. प्रगणकाने तुमच्या घरी लिहून घेतलेली माहिती कोणाला पाहायला मिळत नाही आणि ती तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणूनही वापरता येत नाही. ज्या कामासाठी माहिती घेतली त्याच कामासाठी ती वापरायची, हा नियम कायद्यानेच घालून दिला आहे. चांगली नोंद कशी असावी, याचा नमुना आपल्या देशात इतका जुना आहे.

आता बाबासाहेबांकडे वळू. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हे निवेदन तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांत त्यांनी एक हक्क स्पष्टपणे घातला होता. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती होता कामा नये, आणि सबळ कारणावाचून वॉरंट निघता कामा नये. ३ डिसेंबर १९४८ रोजी घटना समितीत मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, पण ती घटनेत आली तर कोणत्याही विधिमंडळाला तिला हात लावता येणार नाही, असा त्यांचा विचार होता. मात्र मतदानात दुरुस्ती फेटाळली गेली.

त्याची किंमत देशाने मोजली. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की घटनाकारांनी हा हक्क लिहिलेला नाही, तो आम्ही बाहेरून आणू शकत नाही. १९६२ च्या खडकसिंग खटल्यात पोलिसांचे रात्री-बेरात्री घरी येणे न्यायालयाने बेकायदा ठरवले, परंतु खाजगीपणाचा हक्क मात्र मानला नाही. शेवटी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे. जे बाबासाहेब १९४७ साली मागत होते, त्याच्या मुळाशी असलेले तत्त्व सत्तर वर्षांनी न्यायालयाच्या तोंडून आले. शासनाला नागरिकाच्या खाजगी जीवनात शिरायचे असेल, तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि गरजेपुरतेच शिरले पाहिजे, अशा तीन अटी या निकालातून आपल्या हाती आल्या.

या अटी कामाला येतात. मुंबईतील एका व्यावसायिकाचा टेलिफोन चोरून ऐकण्याचे गृह खात्याचे तीन आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये रद्द केले आणि ते रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले. सार्वजनिक सुरक्षेला धोका होता, हे सरकारला दाखवता आले नाही.

आपल्या उत्तनच्या किनाऱ्यावरही हा विषय पोहोचलेला आहे. नोव्हेंबर २००८ मध्ये अतिरेकी समुद्रमार्गे मुंबईत आले. गुजरातची 'कुबेर' ही मासेमारी नौका त्यांनी बळकावली होती. त्यांना किनाऱ्यावर उतरताना प्रथम पाहिले ते कफ परेडच्या कोळीवाड्यातील माणसांनी. त्यानंतर २००९ पासून किनारपट्टीच्या मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्याची योजना केंद्राने आखली. समुद्रावर सुरक्षितता हवी, याला कोळी बांधवांचा विरोध असण्याचे कारण नाही. जीव त्यांचाच आधी धोक्यात येतो. पण सुरक्षेसाठी घेतलेले बोटांचे ठसे उद्या दुसऱ्या खात्याकडे गेले, तर ते कोणत्या कायद्याने गेले, हे विचारण्याचा अधिकार त्यांना हवा. त्याच हल्ल्यानंतर नॅटग्रिड उभारण्याचे ठरले. बँक, प्रवास, कर अशा निरनिराळ्या नोंदी तपास यंत्रणांना एका जागेवरून पाहता याव्यात, ही त्यामागची कल्पना. आणि २०११ साली नॅटग्रिडला माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आले. म्हणजे त्याला आपण दिसणार, पण आपल्याला ते दिसणार नाही.

आधारचा आरंभ तर आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी झाला. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अनुदानासाठी आधार मान्य केले, मात्र बँक खाते, मोबाईल आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती रद्द केली. मजुरीने ज्यांच्या बोटांचे ठसे झिजले, त्यांना मशीन ओळखत नाही म्हणून लाभ नाकारू नये, हेही त्यात आले. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी भिन्नमत निकाल देऊन आधार कायद्याची पद्धतच घटनाबाह्य ठरवली होती. तोही कायद्याच्या विद्यार्थ्यांनी वाचावा.

२०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. कंपन्यांवर त्यात बंधने आहेत, ही चांगली गोष्ट. पण देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी सरकार आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून सूट देऊ शकते. शिवाय याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले. वैयक्तिक माहिती या नावाखाली अधिकाऱ्याला नकार देणे आता सोपे झाले आहे. ज्या महाराष्ट्राने देशाच्या आधी, २००२ साली, माहितीचा अधिकार कायदा केला, त्या महाराष्ट्राला हे बोचले पाहिजे. लोकशाहीत नागरिकाचे घर बंद आणि सरकारी कचेरी उघडी असावी. उलटे होऊ लागले तर सावध झाले पाहिजे.

मित्रांनो, श्रीमंत माणूस एखाद्या अर्जावर सही करायला नकार देऊ शकतो. शिष्यवृत्तीवर शिकणारी आपली मुलगी तसे करू शकत नाही. तिला प्रत्येक रकाना भरावाच लागतो. ज्याला नाही म्हणण्याची सोय नाही, त्याच्यासाठीच कायद्याचे कुंपण असते. म्हणून हा प्रश्न सर्वांत आधी आपला आहे.

काय करावे? कोणी माहिती मागितली तर चार प्रश्न विचारा: कोणत्या नियमाने मागता, कशासाठी, आणखी कोणाला देणार, आणि चूक झाली तर तक्रार कुठे करायची? आधारची झेरॉक्स द्यावीच लागली तर तीवर काम आणि तारीख लिहा. शेवटचे चारच अंक दिसणारी आधारची प्रत मिळते, जिथे चालेल तिथे तीच द्या. आणि सुरुवात आपल्या संस्थेपासून व्हावी. शिष्यवृत्तीचे जुने अर्ज काम संपल्यावर नष्ट करावेत. स्मरणिकेत सभासदांचे पत्ते व फोन नंबर छापण्याची आपली जुनी रीत आहे, ती यापुढे ज्याची त्याची संमती घेऊनच पाळावी.

विद्यार्थ्यांना शेवटी एवढेच सांगतो. याच उत्तनमध्ये महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. राज्यातील न्यायाधीश तेथे प्रशिक्षणाला येतात. आपल्या मुलामुलींनी कायदा शिकावा आणि उद्या त्या दारातून आत जावे. ज्यांच्या वाडवडिलांची नोंद दुसऱ्यांनी आपल्या मर्जीने केली, त्यांच्या लेकरांनी नोंदीचे नियम लिहिणाऱ्यांत बसले पाहिजे.



जय भीम! जय भारत!