हार पुरे, फलाटावर या

(लंडनला शिकायला निघालेल्या एका कार्यकर्तीच्या निरोपाच्या सभेत, ठाकुर्ली इथं केलेलं भाषण)



हार आणू नका म्हटलं होतं, तरी आणलेत. असू द्या. पण मला आज फलाटावर बोलायचंय.

माझा बाप इथल्या रेल्वेच्या चोळा वीजघरात कोळसा ओढायचा. त्या विजेवर मुंबईच्या गाड्या पळायच्या. ते वीजघर आता बंद आहे. त्याच कोळशाच्या वस्तीतली ही पोर उद्या अर्थशास्त्र शिकायला निघालीय. छाती भरून येते!

पण एक हिशेब ऐका. १९१३ साली बाबासाहेब बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला गेले. १९१७ साली परतले आणि बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला निघाले. स्टेशनवर त्यांना घ्यायला जावं, असा महाराजांचा हुकूम होता. फलाटावर कुणी कुत्रं आलं नाही. एवढा शिकलेला माणूस, पण खोली मिळेना. पारशी विश्रामगृहात खोटं नाव सांगून राहिले, तर लाठ्या घेऊन आलेल्यांनी तिथूनही हुसकून लावलं. न्यूयॉर्कमध्ये डोकं टेकायला जागा मिळाली, स्वदेशात नाही!

तरी १९२० साली ते पुन्हा निघाले, लंडनला. प्राध्यापकीच्या पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि दोस्त नवल भथेनांकडून उसने घेतलेले पाच हजार रुपये. मागं संसार ओढला रमाईनं. बोटीवर चढतो एकजण, किंमत मोजतं अख्खं घर.

म्हणून सांगतो, निरोप देणं सोपं असतं. परत आलेल्या माणसाला जागा देणं, ती खरी लढाई. आजही भाड्याची खोली बघायला जा, घरमालक आधी आडनाव विचारतो. मग खोली नेमकी कालच गेलेली असते!

पोरी, तू तिकडं मन लावून शीक. आमचे उपकार मानू नकोस, ते उपकार नाहीतच. तुझ्या आईचं रेशन, औषधपाणी आमच्याकडं. आणि आडनाव विचारणाऱ्या प्रत्येक दारात जाऊन भांडणं, हेही आमच्याकडं.

दोस्तहो, टाळ्या नकोत. दारात वही ठेवलीय. आईकडं कुठल्या दिवशी कोण जाणार, ते आत्ताच लिहा. आणि ही परत येईल त्या दिवशी ठाकुर्लीच्या फलाटावर या.

जयभीम!