पावसाळा वगळून टेकडी मोजता येत नाही

सन्माननीय परिषदाध्यक्ष, उद्घाटक महोदया, व्यासपीठावरील मान्यवर आणि महाराष्ट्रातून व गोव्याहून आलेल्या मित्रमैत्रिणींनो,

स्वागत समितीच्या आणि समस्त पुणेकरांच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. ऐन श्रावणात घरचे सणवार बाजूला ठेवून आपण आलात, याचे मोल आम्ही जाणतो. परिषद हिवाळ्यात घ्यावी, प्रवासाला बरे पडेल, अशी सूचना समितीत आली होती. तरी आम्ही हट्टाने पावसाळाच धरला. त्याचे कारण सांगण्यासाठी थोडा वेळ घेतो.

मी वास्तुरचनाकार आहे. घरे बांधणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे आणि या शहराला घरे लागतात, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मला काळजी आहे ती कामाच्या क्रमाची. भूखंड हाती आला की आम्ही आधी एफएसआय काढतो, मग पार्किंग बसवतो, मग इमारती, आणि राहिलेल्या तुकड्यात बाग. पर्यावरणाच्या सल्लागाराला यानंतर बोलावणे जाते. नकाशा तयार असतो, ग्राहकांना दाखवायच्या माहितीपत्रकातली चित्रेसुद्धा तयार असतात. त्या जागेवर ओढ्याची एखादी शाखा आहे असे त्याला दिसले, तरी तेव्हा तिच्यासाठी इमारत हलवायला कोण तयार होणार?

कायद्याची चौकट आपल्याला ठाऊकच आहे. पर्यावरण आघात मूल्यमापनाच्या 14 सप्टेंबर 2006 च्या अधिसूचनेने 20,000 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणविषयक पूर्वपरवानगी आवश्यक केली. दीड लाख चौरस मीटरच्या आतल्या प्रकल्पांचे मूल्यमापन फॉर्म 1, फॉर्म 1-अ आणि संकल्पनात्मक आराखडा यांवर होते. त्यांना सविस्तर आघात अहवालाचे बंधन नाही. बांधकामांना जनसुनावणीही सहसा नसते. म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गुराख्याला पाणी कुठून उतरते हे माहीत असते, पण त्याला ते विचारण्याची वेळ या प्रक्रियेत येतच नाही. मला ही सर्वांत मोठी उणीव वाटते.

जिथे सविस्तर अहवाल होतो, तिथे पायाभूत माहिती बहुधा एका ऋतूची घेतात, आणि तो ऋतू पावसाळा सोडून. हवेच्या मोजणीसाठी हे योग्यच आहे. पावसाने धूळ धुऊन निघाली की प्रदूषण कमी दिसते. पण हवेसाठी बरोबर असलेली वेळच जीवसृष्टीच्या नोंदीलाही लागू झाली आणि आमच्या टेकड्यांचा घात झाला. सह्याद्रीच्या या बाजूचे माळ आणि उतार जूनमध्ये जागे होतात. मे महिन्यात तिथे मुरूम, वाळके गवत आणि चार बोरी-बाभळी दिसतात. सर्वेक्षक ‘विरळ वनस्पती’ असे लिहून उतरतो. ऑगस्टमध्ये त्याच मुरमातून पांढरी मुसळी वर आलेली असते, कवला पिवळा झालेला असतो, खडकाच्या खोलगटांत साचलेल्या पाण्यात बेडकांची पिल्ले वळवळत असतात. अहवालात यातले काहीही नसते.

उन्हाळ्यातही सारे काही दिसते असे नाही. टिटवी घरटे बांधत नाही. उघड्या मुरमात बोटभर खळगा करते, भोवती चार खडे मांडते आणि त्यात बहुधा चार अंडी घालते. अंड्यांवरचे काळे ठिपके खड्यांच्या रंगात इतके मिसळून जातात की हातभर अंतरावरूनही ती ओळखू येत नाहीत. आपण फार जवळ गेलो तर ती डोक्यावर घिरट्या घालून आकांत करते. जागा सपाट करायला आलेल्या जेसीबीच्या आवाजात तो आकांत कोणालाही ऐकू जात नाही.

या नुकसानीची भरपाई आपण झाडे लावून करतो. किती तोडली, किती लावली, एवढाच हिशेब. गवताळ उतारावर आणखी झाडे लावली की भरपाई तर होत नाहीच, चंडोल आणि टिटवीची उरलेली जागाही जाते. पुण्याच्या टेकड्यांवर लावलेल्या गिरिपुष्पाखाली दुसरे काय वाढते, ते उद्या प्रत्यक्ष पाहा. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी 2024 पासून अधिवासाचा प्रकार आणि त्याची स्थिती मोजून किमान दहा टक्के वाढ दाखवावी लागते आणि ती तीस वर्षे राखावी लागते. त्या पद्धतीतही दोष आहेत, तरी तिथे गवताळ जमिनीला स्वतःची किंमत आहे. आपल्या हिशेबात ती शून्य आहे.

गोव्याच्या मंडळींना मोपाची आठवण करून देण्याची गरज नाही. विमानतळाच्या अर्जात भोवतालच्या जंगलांची माहिती दिली नव्हती, म्हणून 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परवानगी स्थगित केली. पुढच्या वर्षी काम अटींसह सुरू झाले. पण अर्जातली माहिती हाच सगळ्या निर्णयाचा पाया असतो, हे त्या निकालाने नोंदवून ठेवले.

भूखंडाच्या कुंपणाबद्दलही बोलायला हवे. आम्ही पुणेकर 25 सप्टेंबर 2019 ची रात्र विसरलेलो नाही. कात्रजच्या डोंगरातून उतरणारा आंबिल ओढा वस्त्यांत शिरला, भिंती पडल्या, माणसे गेली. ओढ्याच्या काठचे एखादे बांधकाम वेगळे काढून तपासले तर त्याचा आघात किरकोळ ठरतो. वर टेकडी फोडलेली, मध्ये पात्र अरुंद केलेले, खाली कल्व्हर्टची तोंडे लहान. या सगळ्याची बेरीज कोणत्याच एका फाइलमध्ये होत नाही. 1997 साली शहरात आलेल्या 23 गावांच्या टेकड्यांवर सुमारे 978 हेक्टरांचे जैवविविधता उद्यान आरक्षित आहे. त्याच्या कडेला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाचा विचार पाणलोट धरून व्हावा, अशी माझी या परिषदेला आग्रहाची विनंती आहे. नकाशाची पहिली रेघ मारण्याआधी जागेवर एक पावसाळा काढावा, ही दुसरी. एक वर्ष थांबणे विकसकाला परवडत नाही, असे माझेच व्यवसायबंधू म्हणतील. जमिनीचे व्यवहार आणि कर्जाची जुळवाजुळव यात त्याहून अधिक काळ जातो, हे त्यांनाही माहीत आहे. त्याच काळात हे काम सहज होईल.

आता व्यवस्थेचे दोन शब्द. उपवास असलेल्यांसाठी वेगळी पंगत आहे. उद्या सकाळी सहा वाजता बस वेताळ टेकडीकडे निघेल. छत्री नको, रेनकोट आणा, आणि पकड असलेले बूट घाला, दगड निसरडे आहेत. जुन्या खाणीच्या काठाशी जपून. नोंदवह्या आम्ही देऊ. पालिकेच्या बांधकाम विभागातले अधिकारी आणि काही विकसकही आपल्याबरोबर चढणार आहेत. त्यांचे मी विशेष स्वागत करतो आणि चर्चेत त्यांनी मोकळेपणाने बोलावे, अशी विनंती करतो.

उद्घाटक महोदयांनी आता परिषदेचे उद्घाटन करावे.