वीणा खाली ठेवायची नसते

(शताब्दी सोहळ्यात दिंडीच्या बैठकीत केलेले भाषण)

आम्ही शेतकरी माणूस, शाळा चौथीपर्यंत. प्रमुखांचा निरोप आला की दोन शब्द बोला. कीर्तन असते तर अडचण नव्हती. पण आज अभंग घेणार नाही. आज आपल्या हातून झालेली एक चूक सांगणार आणि तिच्यातून दिंडी काय शिकली ते सांगणार. शंभर वर्षांचे पुस्तक निघते आहे, त्यात नुसते गोडच छापू नये.

सात-आठ वर्षांमागची गोष्ट. पुण्याहून सासवडची वाटचाल होती. ज्यांनी ती केली त्यांना ठाऊक आहे, पल्ला लांबचा आणि वर दिवेघाट. वडकीचा विसावा झाला, घाट चढू लागलो. निम्म्या घाटात आमच्या शेजारचे तात्या अडखळले. हातातला टाळ निसटला. आम्ही म्हटलं, दमले असतील. बघतो तो तोंड एका बाजूला वाकडं झालेलं आणि माणूस खाली.

मग सगळे धावले. चाळीसएक माणसं भोवती, वाऱ्याला वाट नाही. कोणी तळवे चोळतोय, कोणी कांदा शोधतोय. 108 ला सात जणांनी फोन लावले आणि सात ठिकाणं सांगितली. एक म्हणाला वडकीच्या पुढं, एक म्हणाला घाटमाथा, एक म्हणाला पालखीच्या मागं. गाडीवाल्याने जायचे कुठे? तात्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी पिशवीत, पिशवी ट्रकात आणि ट्रक सासवडच्या तळावर. काकू महिलांच्या रांगेत मागे होत्या. त्यांना कोणी सांगितलेच नाही. प्रत्येकाला वाटले, दुसऱ्याने सांगितले असेल. त्या माउलीला संध्याकाळी तळावर कळले, आणि कळले तेसुद्धा ‘तात्या गेले’ असे खोटे.

आणि आम्ही काय केले? आम्ही त्यांचे डोके मांडीवर घेतले, नामस्मरण केले आणि तांब्याने पाणी पाजले. पुढे डॉक्टरांनी सांगितले, शुद्ध नसलेल्याला पाणी पाजू नये, ते श्वासात जाते. मेंदूच्या झटक्यात पहिले चार-साडेचार तास मोलाचे, त्यातले बरेचसे आपण घाटातच घालवले. तात्या वाचले, पण उजवा हात गेला. त्या हाताने परत टाळ धरला नाही.

माउली, त्या दिवशी आळशी कोणीच नव्हते. सगळे प्रेमाने धावले. सगळेच धावले आणि सगळे एकच काम करायला धावले, तिथे चुकले.

पुढच्या वारीआधी तालुक्याला बैठक झाली. तिथे एका साहेबांनी समजावले, ते आम्ही वहीत उतरून आणले. 1970 साली अमेरिकेत कॅलिफोर्नियात जंगलांना मोठे वणवे लागले. विझवायला खाती पुष्कळ आली, पण एकाचा निरोप दुसऱ्याला कळेना, हुकूम कोणाचा ऐकायचा तेच समजेना. त्या अनुभवातून त्यांनी एक पद्धत बसवली. आपल्या देशात आपत्ती व्यवस्थापनाचा कायदा 2005 साली झाला आणि 2010 मध्ये तशाच पद्धतीच्या मार्गदर्शक सूचना आल्या. घटनेच्या जागी प्रमुख एकच. त्याला म्हणतात इन्सिडेंट कमांडर. त्याच्या हाताशी तीन माणसं : एक खरी माहिती सांगणारा, एक बाहेरच्या खात्यांशी बोलणारा, एक सुरक्षेवर नजर ठेवणारा. त्याखाली तीन गट : एक प्रत्यक्ष काम करणाऱ्यांचा, एक नियोजनाचा, एक सामानसुमान पुरवणाऱ्यांचा. आणि प्रत्येकाने हुकूम एकाच माणसाचा घ्यायचा.

ऐकता ऐकता आम्हाला वाटले, अरे, हे तर आपल्या घरातलेच आहे! हैबतबाबांनी सोहळ्याला शिस्त लावली ती कशी? रथापुढे 27 दिंड्या, रथामागे बाकीच्या, प्रत्येकीला नंबर. दिंडीत वीणा एक, चालीचा हुकूम तिचा. तळावर समाजआरतीला चोपदारांनी चोप उंचावला की एवढा समाज गप्प. तरीही एखादी दिंडी टाळ वाजवतच राहिली तर समजायचे, त्यांची तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, ऐकतात, मिटवतात. हरवले-सापडले त्याचीही पुकार तिथेच होते. म्हणजे माहिती एका तोंडातून आणि तक्रार ठरल्या वाटेने. आपल्याकडे हे भजनाला होते, तळाला होते. माणूस पडला की मात्र आपण ते विसरत होतो.

मग मंदिरात बसून कामे वाटली.

दिंडीप्रमुख बाजूला उभे राहतील. रुग्णाला हात लावणार नाहीत. हात गुंतले की डोळे गुंततात, मग बाकीचे बघायचे कोणी?

फोन एकच जण करील. आपला दिंडी नंबर, रथाच्या पुढे की मागे, कोणत्या गावाजवळ, रस्त्याकडेच्या दगडावर काय लिहिले आहे, एवढे सांगायचे. पलीकडचा माणूस ठेव म्हणेपर्यंत फोन ठेवायचा नाही.

रुग्णाजवळ दोघेच, प्रथमोपचार शिकलेले. महिलांच्या रांगेत दोघी वेगळ्या.

चार टाळकरी बाहेर तोंड करून रिंगण धरतील. गर्दी आत येऊ द्यायची नाही, गाडीला वाट ठेवायची.

एक जण पुढे जाऊन पोलिसांना, गाडीवाल्यांना भेटेल आणि जागेवर घेऊन येईल.

एक जण निरोप देईल. आधी घरच्या माणसाला, मग दिंडीला. डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगायचे.

चोपडी चालणाऱ्यांबरोबर राहील, ट्रकात नाही. तिच्यात प्रत्येकाचे नाव, दुखणे, गोळ्या, घरचा फोन. आणि ट्रकवाल्याने आपला फोन चालू ठेवायचा.

प्रत्येक कामाला जोडीदार नेमला. बदली होताना नुसते ‘बघ रे जरा’ म्हणून निघून जायचे नाही. सप्ताहात पहाऱ्याची वीणा आपण खाली ठेवतो का? दुसऱ्याच्या गळ्यात देतो, एकमेकांच्या पाया पडतो, मगच निघतो. काम तसे द्यायचे. कोणी दिले, कोणी घेतले, दोघांना ठाऊक पाहिजे.

एका गोष्टीवर मात्र वाद झाला. आम्ही म्हटले, ज्यांना काम नेमलेले नाही त्यांनी अभंग म्हणत पुढे चालायचे. म्हातारी मंडळी रागावली. माउली रस्त्यात पडली आणि आपण टाळ वाजवत पुढे? हा कोणता धर्म? त्यांचे मन खोटे नव्हते. आमच्याही पोटात कालवले. पण घाटात एक दिंडी थांबली की मागची तिच्यावर येते. एकाला वाचवायला थांबावे आणि चेंगराचेंगरीत चौघे पडावे, असे होऊ नये. शेवटी काकूच बोलल्या : “तुम्ही चाळीस जण थांबला होता, त्याचा काय उपयोग झाला?” मग कोणी बोलले नाही.

दोन वर्षांनी लोणंदच्या अलीकडे उन्हाने एक आजी पडल्या. प्रमुख बाजूला उभे. रिंगण धरले. दोघींनी सावली केली, ओल्या फडक्याने अंग पुसले. फोन एक, ठिकाण एक. चोपडीत पाहिले तर आजींना साखरेच्या गोळ्या चालू, ते डॉक्टरांना लगेच सांगता आले. लेकीला निरोप गेला, ती गाडीत बरोबर बसली. बाकीची दिंडी अभंग म्हणत पुढे गेली. तिसऱ्या दिवशी आजी तळावर हजर! चूक तेव्हाही झाली. फोन करणाऱ्याचा जोडीदार चहाला गेलेला, कोणाला न सांगता. रात्री भजनानंतर त्याला विचारले, त्याने कान धरले. ही विचारपूस दर घटनेनंतर होते, आणि त्या वेळी कोणी कोणाचा अपमान करायचा नाही असेही ठरले आहे.

या कामात आम्हाला मान मिळेल असे कोणी धरू नये. रिंगण धरणाऱ्याची पाठ रुग्णाकडे असते, त्याला काही दिसतसुद्धा नाही. पण त्याची जागा सुटली की सगळे सुटते. सेवा म्हणजे नेहमी पुढे धावणे नव्हे. कधी नेमल्या जागी उभे राहणे हीसुद्धा सेवाच.

शेवटचे सांगतो आणि थांबतो. ती चोपडी कोण करते ठाऊक आहे ना? तात्या. वारीच्या महिनाभर आधी मंदिराच्या ओसरीवर बसतात, एकेकाला बोलावतात. बीपी आहे का, गोळी कोणती, घरचा नंबर सांग. नातू लिहितो, तात्या डाव्या हाताने पानावर बोट ठेवून पुन्हा वाचून घेतात. कोणी दुखणे लपवले तर उजवा हात पुढे करून दाखवतात. मग माणूस खरे सांगतो.

यंदाही नाव लिहायला जा. आम्ही आमचे लिहून आलो.

रामकृष्ण हरी!