टेबलाखालचा गुंता

(ग्रामपंचायत कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यापुढे दिलेले व्याख्यान)



मृग नक्षत्र लागण्यापूर्वी गोव्याच्या घराघरांतून आवराआवर सुरू होते. घरे शाकारली जातात, पुरुमेंताची बेगमी होते, अंगणातील जळाऊ लाकूड आत येते. ही तयारी कोणास सांगावी लागत नाही. मात्र त्याच गावच्या पंचायत कचेरीत किंवा शाळेच्या संगणक-कक्षात टेबलाखाली वाकून पाहिले, तर तेथे वर्षानुवर्षे कोणाचा हात लागलेला नसतो. धुळीने माखलेल्या तारा एकमेकींत गुंतून पडलेल्या असतात आणि कोणती तार कोठून कोठे जाते, हे सांगणारा कोणी सापडत नाही.

ही बाब वरवर क्षुल्लक दिसते. परंतु जन्ममृत्यूचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, जमिनीचा एक-चौदाचा उतारा ही कामे आज संगणकावर चालतात. झाडताना केरसुणीला तार अडकते, प्लग निसटतो, टंकलेला मजकूर नाहीसा होतो. दूरच्या वाड्यावरून एक बस चुकवून आलेल्या वृद्धेला ‘संगणक बंद आहे, उद्या या’ असे उत्तर मिळते. बिघाड यंत्रात नसतो, तो टेबलाखाली असतो. त्याची किंमत मात्र त्या वृद्धेला मोजावी लागते.

गैरसोयीपेक्षाही धोका मोठा आहे. भिंतीवरच्या नेहमीच्या लहान सॉकेटची क्षमता ६ अँपियर असते. २३० व्होल्ट दाबाने हिशेब केल्यास ती १३८० वॅट भरते. संगणक व मॉनिटर यांना त्यातील थोडाच भाग पुरतो. पण त्याच एक्स्टेन्शन बोर्डावर चहाची १५०० वॅटची विजेची किटली लावली, की मर्यादा ओलांडली जाते. एका बोर्डात दुसरा बोर्ड खुपसल्याने सॉकेट वाढतात, भिंतीतील तारेची ताकद वाढत नाही. सैल बसलेल्या प्लगापाशी ठिणग्या उडतात व उष्णता साठते. वेटोळे करून घट्ट बांधलेल्या वीजतारेतील उष्णतेला बाहेर पडण्यास वाट मिळत नाही. त्यात पावसाळ्याची दमट हवा आणि धूळ यांची भर पडते. ओलसर धूळ विजेला भलतीच वाट करून देते. तारा कुरतडणाऱ्या उंदरांना तर असा अडगळीचा कोपरा आवडतोच.

हा गुंता सोडविण्यास अर्धा दिवस पुरतो. प्रथम काम साठवून संगणक रीतसर बंद करावा आणि भिंतीवरील बटण बंद करून प्लग काढावा. यूपीएस स्वतंत्रपणे बंद करण्यास विसरू नये, कारण भिंतीवरील वीज गेली तरी त्याच्या बॅटरीतून पुरवठा चालूच राहतो. तारा काढण्यापूर्वी सर्व जोडण्यांचे मोबाईलवर छायाचित्र घ्यावे. मग प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना कागदी चिकटपट्टी लावून ‘मॉनिटर’, ‘प्रिंटर’, ‘नेट’ अशी नावे लिहावीत. नाव द्यावयास गेले, की एखादी तार कशालाच जोडलेली नाही असे आढळते. यंत्र केव्हाच निर्लेखित झालेले असते आणि त्याची तार मागे उरलेली असते. अशा तारा प्रथम बाहेर काढाव्यात.

उरलेल्या तारांचे दोन गट करावेत. विजेच्या तारा एका बाजूने न्याव्यात व नेटच्या तारा दुसऱ्या बाजूने. नेटच्या तारेत आठ बारीक तारा चार जोड्यांनी मुद्दाम पिळलेल्या असतात. या पिळामुळे बाहेरच्या विजेचा उपद्रव कमी होतो. टेलिफोनकर्ते अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली अशा पिळाच्या जोडतारेचे पेटंट घेतले होते. आतला पीळ शहाणपणाचा आहे, बाहेरचा गुंता अज्ञानाचा. म्हणून ही तार टेबलाच्या पायाखाली चिरडू नये व काटकोनात मोडू नये.

बोर्ड जमिनीवर लोळत न ठेवता टेबलाच्या आतील बाजूस किंवा भिंतीला स्क्रूने बसवावा. म्हणजे फरशी पुसताना पाणी लागत नाही. तारा कापडी किंवा वेल्क्रोच्या पट्टीने हलकेच बांधाव्यात. सुतळीने आवळू नयेत आणि बांधण्यास धातूची तार तर कधीच वापरू नये. यंत्र पुढे ओढता येईल इतकी ढील ठेवावी. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, कारण तापताना तो एकदम पुष्कळ वीज ओढतो. तीन पिनांच्या प्लगातील मोठी पिन अर्थिंगची असते. ती मोडून किंवा दोन पिनांचा जोड लावून काम भागविणे म्हणजे माणसाचे संरक्षण काढून टाकणे होय. तार सोललेली असेल किंवा सॉकेट काळवंडले असेल, तर स्वतः हात न लावता परवानाधारक वीजतंत्रीस बोलवावे. धूर दिसल्यास मुख्य स्विच बंद करावा, पाणी ओतू नये आणि अग्निशमन दलास १०१ क्रमांकावर कळवावे.

एक प्रश्न उरतो. हा गुंता होतो कसा? प्रिंटर आणणारा आपली तार टाकून जातो, नेट जोडणारा आपली. दुरुस्तीला आलेला जुनी तार तशीच सोडतो. टेबलावरच्या प्रत्येक कागदाला जबाबदार कर्मचारी असतो, टेबलाखालच्या जागेला कोणीच नसतो. रापण ओढणारे खारवी जाळे झटकून, वाळवून, घडी घालून ठेवतात. उद्या पहाटे ते सोडवीत बसण्यास वेळ नसतो, हे त्यांना ठाऊक असते. तीच रीत कचेरीने उचलावी. एका व्यक्तीकडे हे काम नावानिशी सोपवावे व मे महिन्यात एक दिवस त्यासाठी राखावा. शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली, वीज बंद असताना, नावाच्या पट्ट्या लिहिण्याचे काम मुलांना द्यावे. कोणती तार कशासाठी, हे त्यांना पाठ्यपुस्तकाशिवाय उमगेल.

पहिल्या सरीबरोबर वीज जाईल, पुन्हा येईल. त्या वेळी ज्या कचेरीतील प्रत्येक तारेला नाव आणि वाट असेल, तेथे संगणक पुन्हा सुरू होईल आणि दाराशी उभ्या असलेल्या वृद्धेला त्याच दिवशी दाखला हाती घेऊन परतीची बस धरता येईल.