वाऱ्याला सामोरे जाणारे शीड

श्रोतेहो, आपल्या वर्धा जिल्ह्याला समुद्र नाही. आपले पाणी म्हणजे पवनारची धाम, नाहीतर पुलगावची वर्धा. तरी शिडाची होडी वाऱ्याच्या विरुद्ध कशी जाते, हे कोडे आमच्या वर्गातील मुलांना हटकून पडते.

संत्र्याची ओली बी दोन बोटांत दाबून पाहा. दाब आडवा, पण बी सुटते ती पुढे. शिडावरचा वाऱ्याचा रेटा बराचसा आडवाच असतो. पाण्याखालचा कणा त्याला अडवून धरतो आणि होडी पुढे निसटते. मात्र नाळ थेट वाऱ्याच्या तोंडावर धरली, तर शीड नुसते फडफडते. म्हणून साधारण ४५ अंश तिरपे जायचे, मग वळून तितकेच दुसऱ्या अंगाला. घाटात बैलगाडी चढते ना, तसेच.

आता हिशेब. ठिकाण वाऱ्याच्या दिशेला नेमके १० मैलांवर आहे. ४५ अंशांनी गेल्यास सुमारे १४ मैल पडतात. ताशी ६ मैलांनी २ तास २१ मिनिटे. ६० अंशांनी गेल्यास वेग वाढेल, समजा साडेसात मैल होईल. पण अंतर २० मैल, वेळ २ तास ४० मिनिटे. म्हणजे धावणारी होडी मागाहून पोचली! गंमत अशी, की वळणे दोन घ्या की दहा, अंतर तेच राहते. खर्च होतो तो प्रत्येक वळणावर मोडणाऱ्या वेगाचा.

कोकणातल्या तिकोनी शिडाच्या मचव्यांची अडचण इथेच होती. शिडाची लांब तिरपी काठी डोलकाठीच्या पलीकडे न्यावी लागे. म्हणून तांडेल बहुधा वाऱ्याकडे पाठ करून मोठा वळसा घेई. कमावलेले थोडे गमावी. आंग्र्यांच्या गलबतांना वल्हीही होती. वारा पडला, की ती गुराबांना ओढून नेत आणि शत्रूचे जहाज जागीच खिळून राही.

वारा खडकाळ किनाऱ्याकडे ढकलीत असेल, तर मात्र हा हिशेब जिवाचा. वाऱ्यावर चढता येईना, तर जहाज खडकावरच जायचे.

गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’वरून नौदलाचे दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ‘म्हादेई’ वाऱ्यावर चढू शकणारी; तरी दक्षिण महासागरात त्यांनी पश्चिमेचे वारे पाठीशी घेऊन पूर्वेचीच वाट धरली.