जगाचे राजकारण आणि वऱ्हाडची पऱ्हाटी



परराष्ट्रीय घडामोडींवर बोलणाऱ्याने प्रथम जगाचा नकाशा उलगडावा, असा प्रघात आहे. माझ्या आजच्या भाषणाचा आरंभ मात्र अकोल्याच्या जठारपेठेतील एका ओसरीवर होतो. २०२५ सालच्या ऑगस्टअखेरची ती सकाळ. अमेरिकेने भारतीय मालावरील जकात ५० टक्क्यांवर नेली होती आणि आम्ही चार सेवानिवृत्त मंडळी चहाबरोबर त्या वृत्ताचा यथेच्छ समाचार घेत होतो. रशियाचे तेल, वॉशिंग्टनचा हट्ट, दिल्लीचा बाणेदारपणा. प्रत्येक बाबतीत आमचे मत आधीच ठरलेले होते. अकोट तालुक्यातून आलेले माझे एक आप्त कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांची सारी शेती पऱ्हाटीची. जरा वेळाने ते म्हणाले, “भाऊ, भांडन त्या दोघाइचं, मंग भाव आपल्या कापसाचा काऊन पडते?”

आम्हां चौघांपैकी कोणालाही त्या वेळी उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा यत्न करतो.

वऱ्हाडचा कापूस जगाच्या राजकारणात ओढला गेला तो काही आजकाल नव्हे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. उत्तरेकडील राज्यांच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखून धरली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना रुई मिळेनाशी झाली. मुंबईच्या बाजारात रुईचा भाव कित्येक पटींनी चढला. आमच्या उमरावतीच्या नावावरून ‘ऊमरा’ म्हणून ओळखली जाणारी रुई लिव्हरपुलच्या व्यापाऱ्यांच्या तोंडी झाली. ज्यांनी मिसिसिपी नदीचे नावही कधी ऐकले नव्हते, त्यांच्या शेतातील बोंडांचे मोल त्या नदीकाठच्या लढाया ठरवू लागल्या.

गंमत अशी (गंमत म्हणावी की दैवदुर्विलास, हे ज्याचे त्याने ठरवावे) की भाव शिगेला पोहोचले तेव्हा वऱ्हाडातून जाणारी आगगाडी पुरी झालेलीच नव्हती. नागपूरपर्यंतचा लोहमार्ग १८६७ साली तयार झाला. खामगावची शाखा १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत खुली झाली. युद्ध तर १८६५ सालीच संपले होते! त्याच वर्षी मुंबईतील सट्ट्याचा फुगा फुटला आणि प्रेमचंद रायचंदांसारखे धनकुबेर खाली आले. त्या दिवाळखोरीच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या आहेत. चढत्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून उचल घेणाऱ्या कुणब्याची कथा मात्र थोडक्यांनीच लिहिली.

पुढे गिऱ्हाईक बदलले. आपली जुनी ‘बनी’ जात लांब व मऊ धाग्याची. परंतु तिच्यात रुईचा उतारा कमी. ‘जरी’ जातीचा धागा आखूड, तथापि उतारा भरपूर. बाजारात धाग्याच्या गुणाला पुरेसे जादा दाम मिळेना, तेव्हा शेतकऱ्याने जरी पेरली, यात त्याचा दोष तो काय? या आखूड धाग्याला जपानसारखा मोठा गिऱ्हाईक लाभला. १९३३ साली सरकारने जपानी कापडावरील जकात ७५ टक्क्यांपर्यंत वाढविली. जपानी गिरणीवाल्यांनी उलट आमच्या कापसावर बहिष्कार पुकारला. अखेर १९३४ च्या आरंभी तडजोड ठरली, ती अशी: जपानने वर्षास १० लक्ष गाठी कापूस घ्यावा आणि ३२ कोटी ५० लक्ष वार कापड येथे विकावे. कापसाच्या गाठी वाढल्या तर कापडाचे वारही वाढावेत, ४० कोटींपर्यंत. आपल्या पऱ्हाटीचे मोल दुसऱ्याच्या कापडाच्या वारांत मोजले गेले ते असे. १९४१ साली जपानशी व्यापारच थांबला आणि आखूड धाग्याचा हा मोठा आधार एकाएकी तुटला.

स्वातंत्र्यानंतरच्या काळातील एकच प्रकरण सांगतो, कारण ते मला विशेष उद्बोधक वाटते. २००३ साली बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या आफ्रिकेतील चार दरिद्री राष्ट्रांनी जागतिक व्यापार संघटनेपुढे गाऱ्हाणे मांडले की, श्रीमंत देश आपल्या कापूस-उत्पादकांना जी अनुदाने देतात, त्यांनी जगाचा भाव पडतो आणि आमचा शेतकरी बुडतो. ब्राझीलने तर अमेरिकेविरुद्ध रीतसर दावाच लावला, तो जिंकला आणि २०१४ च्या तडजोडीत ३० कोटी डॉलर पदरात पाडून घेतले. या राष्ट्रांचे सामर्थ्य आपल्याहून मोठे नव्हे; पण कापूस पिकविणाऱ्याचे दुःख त्यांनी परराष्ट्रव्यवहाराचा विषय मानले.

आता आमच्या आप्तांच्या प्रश्नाकडे येतो. अमेरिकेच्या जकातीचा घाव प्रथम बसला तो तयार कपडे धाडणाऱ्यांवर. त्यांना कच्चा माल स्वस्त मिळावा म्हणून भारत सरकारने परदेशी कापसावरील ११ टक्के आयातकर १९ ऑगस्ट २०२५ पासून सप्टेंबरअखेरपर्यंत उठविला; लगेच ती मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढविली. आपल्याकडे दसरा-दिवाळीच्या सुमारास वेचणी होते. म्हणजे घरचा कापूस बाजारात यावा आणि त्याच वेळी बाहेरच्या गाठींना दार मोकळे असावे! लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलमागे ८,११० रुपये होता खरा. परंतु तो मिळावयाचा सरकारी खरेदी केंद्रावर, नावनोंदणी करून, पाळी येईल तेव्हा. ज्याला मजुरी आजच चुकवावयाची आहे, तो व्यापाऱ्याच्या काट्यावरच जातो.

गिरणीत राबणारे हातही आपलेच आहेत आणि त्यांचे काम टिकावे हे मला मान्य आहे. माझी तक्रार निराळी आहे. पेरणी जूनमध्ये झाली. कर उठला ऑगस्टमध्ये. दोन राष्ट्रांच्या कलहाचा भार एका वर्गावर टाकावयाचा, तर तो भरून देण्याची तरतूद त्याच आज्ञेत हवी होती.

डिसेंबरच्या मध्यास ते आप्त पुन्हा जठारपेठेत आले. निम्मा कापूस विकून झाला होता, निम्मा घरातच रचून ठेवला होता. चहा येण्यापूर्वीच त्यांनी विचारले, “भाऊ, एकतीस तारखेची मुदत पुन्हा वाढवतीन काय?” आणि ओसरीवरचे वर्तमानपत्र उचलून त्यांनी परदेशच्या बातम्यांचे पान उघडले.